नणंदेच्या दोन गाठी

आमच्या मेलप्पट्टीत माझ्या तविलाशिवाय लग्न लागत नाही. ही फुशारकी नाही. गावात दुसरा तविल वाजवणाराच नाही, म्हणून. माझा मेव्हणा सनईसारखं लांब नादस्वरम फुंकतो, मी गळ्यात तविलाचा ढोल अडकवतो, आणि पुजाऱ्याचं बोट वर गेलं की आम्ही दोघं असा गजर करतो, की मांडवात कोणी शिंकलं, कोणी अभद्र बोललं, तरी ते नवरानवरीच्या कानावर जाऊ नये. त्याला गट्टी मेळम म्हणतात. तो वाजला की लग्न लागलं, मग त्यात कोणाची मात्रा चालत नाही.

असं असून एका लग्नात मला चक्क सांगण्यात आलं होतं, की नुसते हात हलव, आवाज काढू नकोस. ते लग्न पेच्चियम्माने लावलं. तिचीच ही गोष्ट.

पेच्चियम्मा देवळाकडे जाणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी आप्पे विकायची. नाव देवीवरून ठेवलेलं, पण आमच्या भाषेत पेच्चु म्हणजे बोलणं, आणि बाईने नावाला कधी बट्टा लावला नाही. पहाटे चूल पेटायची आणि चुलीबरोबर तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. आप्पे उलटता उलटता ती कोणाच्या सुनेला, कोणाच्या सासूला, मला आणि माझ्या मेव्हण्यालाही उलटंपालटं करून भाजून काढायची. तिच्या अंगठ्यावर आप्पेपात्राने पोळल्याचा जुना डाग होता. हात मात्र असे तयार, की शेळी बांधो, सरपणाची मोळी बांधो, तिची गाठ सुटायची म्हणजे कोयताच लागायचा.

एवढी बोलणारी बाई, पण एका माणसाशी तिचा अबोला होता. तो म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ मोक्कयन. तो बैलगाडी हाकायचा आणि समोरच्याच घरात एकटा राहायचा.

अबोला होता म्हणजे बोलणं थांबलं होतं असं नाही. पेच्चियम्मा दारातल्या शेळीला सांगायची, "बघितलंस का गं? काही लोकांच्या शर्टाला एक बटण म्हणून नाही. घरात बाई नसली की अशी दशा होते." समोर मोक्कयन गाडीला वंगण घालत बैलाच्या कानात सांगायचा, "ऐकलंस ना रे? बटण लावायला बाई हवी. आणि बाई आणायची तर काही लोकांनी आधी दोन गाठी मारायला हव्यात." त्यावर शेळीला पुन्हा उत्तर जायचं. त्या दोन जनावरांनी या घरातल्या भानगडी जेवढ्या ऐकल्या, तेवढ्या आमच्या पंचांनीही ऐकल्या नसतील.

रोज पहिल्या घाण्याचे आप्पे ती समोरच्या कुंपणावर पानात ठेवायची. "कावळ्यांसाठी," म्हणायची. आमच्या गावातला तो एकच कावळा मिशीवाला होता.

हे सगळं कशावरून, तर पिक्चरवरून.

पेच्चियम्माच्या मुलीला न्हाण आलं तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे त्या सोहळ्यात मान मामाचा. मामाने वाजतगाजत ताटं घेऊन यायचं, साडीचोळी, बांगड्या, नारळ, केळी. मामानेच हिरव्या झावळ्यांची खोप बांधायची, आणि मग मुलीला तिच्यात बसवायचं. मोक्कयन सकाळीच गाडी जुंपून आंडीपट्टीच्या बाजाराला गेला. खरेदी लवकर आटोपली. कडुलिंबाखाली बैल बांधले आणि वर बघतो तर समोर थेटर. पाटीवर चित्र काढलेलं, एक भाऊ डोक्यावर ताट घेऊन बहिणीच्या घरी निघालाय. "ही तर आपलीच गोष्ट," म्हणत पठ्ठ्या आत शिरला. इंटरव्हलला उठायचं ठरवलं होतं बिचाऱ्याने. पण नेमका इंटरव्हलच्या तोंडाशी त्या भावाला नाग चावला. आता नाग चावलेल्या माणसाला तसाच टाकून कसं उठायचं?

इकडे वाजवून वाजवून माझी बोटं सुजली. पेच्चियम्मा दर थोड्या वेळाने वेशीपर्यंत जाऊन रस्ता बघून यायची. शेवटी वेळ टळायला लागली तेव्हा लांबच्या नात्यातल्या कोणा मामाला उभं केलं. त्या गृहस्थाला मुलीचं नावसुद्धा धड ठाऊक नव्हतं, पण झावळ्या त्याने बांधल्या. दिवेलागणीला मोक्कयन आला. डोक्यावर ताट, डोळे रडून लाल. पेच्चियम्मा धावत पुढे गेली.

"काय झालं रे तंबी? का रडतोस?"

आणि त्या शहाण्याने खरं सांगितलं. "अक्का, त्या भावाला विष चढलेलं असतं गं. तरी तो ताट घेऊन बहिणीच्या दारात येतो. वेळेवर येतो! आणि तिथंच कोसळतो."

पेच्चियम्माने ते ताट उतरवून जमिनीवर ठेवलं. तिथेच आम्ही ओळखलं की आता धडगत नाही. मग तिने साऱ्या गावासमोर हात वर केले. "या माणसाच्या बायकोच्या गळ्यात माझ्या हातची गाठ पडायची नाही. पडली तर हे हात झडून जातील."

मोक्कयनही काही कमी नव्हता. "तुझी गाठ नसेल तर मला बायकोच नको," म्हणाला. दोघं मिळून एक अख्खा अडेलतट्टू होते.

ही गाठीची गोष्ट आमच्यात साधी नाही. ताली म्हणजे आमचं मंगळसूत्र. तिची पहिली गाठ नवऱ्याने मारायची, आणि मागून पुढच्या दोन त्याच्या बहिणीने. नवऱ्याच्या गाठीने बायको होते, नणंदेच्या गाठींनी घरची होते, असं आमच्या म्हाताऱ्या सांगतात. सख्खी बहीण नसेल तर चुलत चालते, मानलेली चालते. मोक्कयनला चालत नव्हती. न्हाण आलेली ती भाची पुढे लग्न होऊन सासरी गेली, तिला मूल झालं, तरी बहीणभावाचा अबोला काही सुटला नाही.

मधल्या काळात मोक्कयनचं मन पवळमवर बसलं होतं. तिच्या बापाचा, सडयप्पनचा, मोगऱ्याचा मळा होता. पवळम हार गुंफायची, मोक्कयन ते गाडीतून बाजारात न्यायचा. हार नेता नेता स्वतःच गुंतला. ती जास्त बोलणारी नव्हती, पण त्याच्या बैलांच्या शिंगांना रोज ताजी फुलं दिसायची, यावरून गावाला काय ते कळलं. सडयप्पनने पुष्कळ वाट बघितली आणि शेवटी कंबमचा एक भातगिरणीवाला ठरवून टाकला. त्याचं हे दुसरं लग्न, आणि पहिलीची मुलं पवळमच्या वयाची. तै महिना आला की वाट निघते, अशी आमच्याकडे म्हण आहे. येत्या तैत पवळमची वाट कंबमला निघायची होती. त्याच्या आधीच्या मार्गळी महिन्यात आमच्यात लग्नं होत नाहीत. म्हणजे काय करायचं ते त्याच्याही आधी, कार्तिकैतच करायला हवं होतं.

पवळम एकदा स्वतः पेच्चियम्माच्या चुलीपाशी येऊन बसली. मी तिथंच आप्पे खात होतो.

"अक्का, दोनच तर गाठी आहेत."

"दोन असोत नाहीतर दोनशे. माझं तोंड एकच आहे. त्यातून शब्द गेला तो गेला."

"मग मी कंबमला जाऊ?"

पेच्चियम्मा नुसतीच चुलीत सरपण सारत राहिली. पवळम उठून गेली. त्या दिवशीचे आप्पे सगळे करपले, आणि मी तसं म्हणालो तर मला उलथनं दाखवलं.

त्याच कार्तिकैत मद्रासची पिक्चर कंपनी गावात उतरली. खेड्यातल्या प्रेमाचं पिक्चर काढायचं होतं. आमचं गाव त्यांना पसंत पडलं आणि मग त्यात काही म्हणजे काही आवडेना. गावात गाव दिसत नाही म्हणून बाहेरून गवताच्या गंज्या आणल्या. आमच्या बायका चांगल्या साड्या नेसून आल्या तर म्हणाले, जरा मळवून या. माझं तविल बघून डायरेक्टर म्हणाला, "छान! पण वाजवायचं नाही हां. नुसते हात हलवा. आवाज आम्ही मद्रासला भरू."

"साहेब, न वाजवता हात हलवायला मी काय माश्या मारतोय?"

"अहो, पिक्चर आहे हे!"

मेव्हण्यालाही नुसते गाल फुगवायला सांगितलं. माझा संताप झाला होता, पण जेवण पंगतीचं होतं, म्हणून थांबलो.

लग्नाचा प्रसंग काळियम्मनच्या देवळात घ्यायचा होता. हिरो दुसऱ्या पिक्चरसाठी मद्रासला पळालेला. हिरॉइन मुंबईची, तिला आमची भाषा येत नव्हती ते एक वेळ चाललं असतं, पण मोगरा जवळ आला की तिला शिंका सुटायच्या. गळ्यात हार घातला आणि बोहल्यावर ही शिंकायला लागली. आमच्या बायका कानांवर हात ठेवून "शिव शिव" करायला लागल्या. तेव्हा डायरेक्टरने डोकं चालवलं. "कॅमेरा मागे लावा. फक्त पाठ, मान आणि गाठ दिसू दे. गावातलीच दोन माणसं बसवा."

त्याचा असिस्टंट गर्दीत फिरला. त्याला हिरोसारखी रुंद पाठ हवी होती, ती मोक्कयनची निघाली. सुंदर मान आणि लांब वेणी हवी होती. हार घेऊन आलेली पवळम तिथंच उभी होती. "तू आणि तू," असिस्टंट म्हणाला. सगळं गाव एकदम खोकायला लागलं. मोक्कयन तर कंपनीचा रेशमी सदरा अंगात घालून हाक मारायच्या आधीच पाटावर जाऊन बसला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! सडयप्पन पलीकडे कंपनीच्या पंगतीत पहिल्या पानावर बसला होता. त्याचं या बाजूला लक्ष नव्हतं.

पेच्चियम्मा अक्षता टाकणाऱ्या बायकांत पुढेच उभी होती. भावाला पाटावर बघून तिने मान फिरवली, पण डोळे काही फिरले नाहीत.

इतक्यात कळलं की कंपनीच्या तालीला मागे हूक आहे. गाठच मारता येईना. असिस्टंट डोकं धरून बसला. तेव्हा पवळमने खाली मान घालून आपल्या टोपलीतला हळदीने पिवळा केलेला दोरा काढला, देवीपुढच्या ताटातलं एक हळकुंड उचललं, दोऱ्याला बांधलं आणि विचारलं, "हे चालेल का, सार?"

"चालेल, चालेल! कॅमेऱ्याला काय कळतंय?"

कॅमेऱ्याला कळत नसेल. आम्हाला कळत होतं. आमच्यात गरिबाची ताली हळकुंडाचीच असते, आणि ती सोन्याच्या तालीइतकीच पक्की. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. पुजाऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी वर आभाळाकडे.

नणंदेचं काम करायला मद्रासची एक नटी होती. बोटाएवढी लांब नखं, त्यांना लाल रंग. डायरेक्टरने इशारा केला. मोक्कयनने घाईघाईत पहिली गाठ मारली. नटी पुढे झाली, तिने नखांनी दोरा चिमटीत धरला आणि सुंदरसं फुलपाखरू बांधलं. हात काढला न काढला तोच सगळं सुटलं, आणि हळकुंड टपकन पवळमच्या मांडीवर पडलं.

देवळातल्या बायकांनी तोंडावर पदर धरले. नवरीच्या मांडीवर ताली पडणं म्हणजे काय, ते सांगायला नको. पवळमने हळकुंड दोन्ही हातांनी झाकून धरलं.

"काही हरकत नाही, परत घेऊ," डायरेक्टर म्हणाला. मोक्कयनने पुन्हा पहिली गाठ मारली. नटीने पुन्हा दोरा चिमटीत धरला.

"अगं ए मद्रासवाली!" पेच्चियम्मा कडाडली. "ही ताली आहे का परकराची नाडी? सरक बाजूला!"

अक्षतांचं ताट माझ्या मेव्हण्याच्या हातात कोंबून ती दोन ढांगांत पुढे गेली. नटीला कोपराने ढकललं. तो डाग पडलेला अंगठा दोऱ्यावर दाबला आणि एक गाठ मारली. मग दुसरी. ओढून बघितली. घट्ट होती.

पुजाऱ्याचं बोट कधी वर गेलं, मला माहीत नाही. माझ्या हातांनी माझं ऐकलं नाही, एवढं खरं. तविल गरजलं. मेव्हण्याने ताट टाकून नादस्वरमला तोंड लावलं. कोणी न सांगता चारी बाजूंनी अक्षता पडल्या.

"कट! कट!" डायरेक्टर ओरडत आला. खूश होता. "वा, काय हात आहेत बाईंचे! फक्त एकदा आणखी घेऊ. ते काढा गळ्यातलं, परत बांधू."

असिस्टंटने पवळमच्या मानेकडे हात नेला. पेच्चियम्माने त्या हातावर अशी चापट मारली की त्याचा चष्मा हलला.

"काढा? काय काढा? माझा भाऊ इथं धडधाकट बसलेला असताना त्याच्या बायकोच्या गळ्यातली ताली काढतोस? रांडेच्या, तुझ्या घरी आईबहीण आहे का नाही?"

"अम्मा, हे खोटं लग्न आहे!"

"हळकुंड खरं. देवी खरी. मेळ खरा, गाठ माझ्या हातची. खोटं आहे ते तुझं मशीन!"

आणि मग तिला ऐकू आलं, आपण काय बोललो ते. इतकी वर्षं तिच्या लेखी तो 'हा माणूस' होता, 'काही लोक' होता, कावळा होता. आता सगळ्या गावासमोर, देवीसमोर, मद्रासच्या माणसांसमोर तो 'माझा भाऊ' झाला होता. तिने हळूच आपले दोन्ही हात वर करून बघितले. झडले नव्हते.

मोक्कयन पाटावरून वळून तिच्याकडे बघत होता.

"बघतोस काय माझ्या तोंडाकडे?" ती म्हणाली. शेळी जवळ नव्हती, सरळ त्यालाच म्हणाली. "बटण लाव ते. स्वतःच्या लग्नात असं बसतात?"

"सदरा कंपनीचा आहे, अक्का."

"मग तर नीट लाव."

आम्ही सगळे हसत होतो, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. डायरेक्टरने कॅमेरावाल्याला हळूच विचारलं, "घेतलंस ना?" तो म्हणाला, घेतलं. तेव्हा त्याने पेच्चियम्माला हात जोडले आणि दुसऱ्यांदा काही मागितलं नाही.

सडयप्पन उष्ट्या हाताने धावत आला. "हे लग्न मला मान्य नाही! कंबमला काय तोंड दाखवू?" गावचे म्हातारे शांतपणे म्हणाले, "जेवलास ना?" तो म्हणाला, जेवलो. "पायसम घेतलंस?" "दोनदा घेतलं." "मग लग्नाचं जेवण जेवून उठलेल्या माणसाने लग्न झालं नाही असं कसं म्हणायचं?" यावर त्याने उष्टा हात धोतराला पुसला. पण तो रुसला, आणि लेकीचं पहिलं बाळंतपणसुद्धा माहेरी करणार नाही म्हणाला. ते पेच्चियम्माच्या पथ्यावरच पडलं.

पवळमचे दिवस भरत आले आणि त्याच सुमाराला ते पिक्चर आंडीपट्टीला लागलं. पेच्चियम्माचे हात त्यात दिसतात, अशी बातमी एका बसकंडक्टरने आणली. बाईची झोप उडाली. पण पवळमला सोडून जायचं कसं? बाळाच्या जिभेवर साखरपाण्याचा पहिला थेंब तीच लावणार होती. ज्याचं बोट त्याचा गुण बाळाला लागतो, आणि मोक्कयनने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की बोट लागेल ते अक्काचंच. सकाळी सुईणीने पोटावर हात ठेवून सांगितलं, उद्याशिवाय काही नाही.

"मग दुपारच्या खेळाला जाऊन येते," पेच्चियम्मा म्हणाली. "लग्न इंटरव्हलच्या आधीच असणार. हात बघितले की उठले."

मला बरोबर नेलं, कारण मीही त्यात होतो. इंटरव्हल आला तरी लग्न काही लागेना. त्या डायरेक्टरने आमच्या गावातून जाताना गोष्टच बदलली होती. नवऱ्याची बहीण सबंध पिक्चरभर रुसलेली, गाठ मारायला नाही म्हणते. "चल, उठू या," मी म्हणालो.

"थांब रे! ती येते का नाही ते तर बघू."

ती आली. अगदी शेवटी, शेतं तुडवत, धापा टाकत, भर मुहूर्तावर आली. आणि मग पडद्यावर फक्त दोन काळे हात, अंगठ्यावर डाग, एक गाठ, दुसरी गाठ. माझ्या मेळाच्या जागी त्या मेल्यांनी व्हायोलिनं भरली होती. मी शिव्या घालत होतो आणि शेजारी पेच्चियम्मा पदर तोंडात कोंबून हमसाहमशी रडत होती. बसमध्येही रडली.

दिवेलागणीला गल्लीत शिरलो तर बाळाचं रडणं ऐकू आलं. सुईणीचा अंदाज चुकला होता. दारात बायका मोक्कयनला शिव्या देत होत्या, "अरे दगडा, पोरीच्या घशाला कोरड पडली, कोणीतरी बोट लावू दे!" तो साखरपाण्याची वाटी दोन्ही हातांत धरून उंबऱ्यावर आडवा बसला होता. कोणाला आत सोडत नव्हता.

त्याने मान वर केली. बहिणीचे सुजलेले लाल डोळे बघून घाबरला.

"काय झालं अक्का? का रडतेस?"

"अरे, ती नणंद..." पेच्चियम्मा हुंदका देत म्हणाली. "किती लांबून धावत येते रे. वेळेवर येते..."

आणि तिने जीभ चावली. तिच्या दारातून शेळी तेवढी ओरडली. पेच्चियम्मासारख्या बाईचा चेहरा इतका उतरलेला मी त्याच्या आधी बघितला नव्हता, नंतरही नाही.

मोक्कयन उंबऱ्यावरून बाजूला सरकला.

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "शेवट सोडून उठवत नाही." आणि वाटी पुढे केली. "हात धुऊन घे. पोरगी कधीची थांबलीय तुझ्यासाठी."